त्या कारखान्याला कारखाना म्हणत नसत

प्रिय तन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तन्वीने विचारलं, "आजी, आमचे प्रोफेसर म्हणाले की बायका धंदा सुरू करतात, पण तो मोठा करायची हौस त्यांना पुरुषांपेक्षा कमी असते. जबलपूरमध्येपण असंच आहे का?" मी म्हटलं, विचार करून सांगते. तुम्हाला वाटलं असेल की आजीने विषय टाळला. तसं नाही. पडद्यावर तुमचे चेहरे दिसले की मला तुम्ही जेवलात का, एवढंच सुचतं. शिवाय तो प्रश्न ऐकल्याबरोबर मला कुंदा वहिनींची आठवण झाली, आणि कुंदा वहिनी म्हणजे दोन मिनिटांत सांगून संपणारी बाई नव्हे. म्हणून लिहिते आहे. वाचताना अडलात तर बाबांना विचारा. त्याला वहिनी चांगल्या आठवत असतील. त्याच्या क्रिकेटच्या बॅटलासुद्धा त्यांनी कव्हर शिवलं होतं.

कुंदा मुळे या जबलपूरच्या खमरिया वसाहतीतल्या आमच्या शेजारीण. तुमचे आजोबा आणि त्यांचे यजमान वसंतराव एकाच फॅक्टरीत होते. फॅक्टरीने दिलेली आमची क्वार्टर्स समोरासमोर. पुढे निवृत्त झाल्यावर दोघांनी महाराजपुरात एकाच कॉलनीत घरं बांधली, म्हणजे जन्मभर मी त्यांच्या अंगणातलं बोलणं ऐकत आले.

वहिनींना उघडी वस्तू सहन होत नसे. आमच्याकडे पहिला फ्रीज आला तेव्हा सगळे शेजारी तो उघडून आत डोकावले. वहिनींनी आत पाहिलंच नाही. त्या मागे गेल्या, बाजूला गेल्या, वितीने उंची मोजली आणि म्हणाल्या, "ताई, हा असा उघडा काहून ठेवला? परवापर्यंत शिवून देते." आणि दिलं. फ्रीजला, त्याच्या हँडलला, कूलरला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरला, तुमच्या आजोबांच्या स्कूटरला. हिवाळा आला की सगळ्या कॉलनीचे कूलर गच्चीवर वहिनींच्या कव्हरात बसलेले दिसत, एका रांगेत, बुरखा घेतल्यासारखे. टेप नसे त्यांच्याकडे. वीत आणि चार बोटं, बस. आणि त्यांची वीत कधी चुकली नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या टीव्हीचं कव्हर असं झालं होतं की टीव्ही आत गेला आणि परत निघेना. "घट्ट आहे न, धूळ जाणार नाही," असं त्या वर म्हणाल्या.

क्वार्टरमध्ये धंदा करायला परवानगी नव्हती. त्यामुळे वहिनी जे करत त्याला धंदा म्हणायचं नाही, हे सुरुवातीपासून ठरलेलं. कोणी विचारलं की उत्तर एकच. "काही नाही हो, असंच. टाइमपास." मशीन एक होतं तोवर ते खपून जात होतं. मग दुसरं आलं. "ते माझं नाही, सायराचं आहे. तिच्या घरी पाणी गळतं, गंजून जाईल बिचारं." सायरा ही शहरातल्या गोहलपूर वस्तीतून येणारी त्यांची पहिली मदतनीस. मग तिसरं आलं. ते कुणा पुष्पाच्या नणदेला शिकायचं होतं म्हणून. चौथं सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून. वहिनींकडे प्रत्येक मशीन कोणावर तरी उपकार करायला येत असे. स्वतःसाठी एकही आलं नाही.

एकदा क्वार्टर बघायला फॅक्टरीच्या इस्टेट ऑफिसातले एक बाबू यायचे होते. वहिनींनी सकाळीच सगळ्या मशिनींना कव्हरं घातली. एकावर फुलदाणी ठेवली, एकावर टेलिफोन, एकावर वसंतरावांचा आंतरविभागीय कॅरमचा कप. बाबू आले, बसले, चहा घेतला, चारी बाजूंना पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "घर हो तो ऐसा, बहनजी. एक चीज़ पर धूल नहीं।" ते गेल्यावर वसंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाबूंच्या बॅगेची चेन तुटली आहे. सांगायला पाहिजे होतं."

आता मधुकर भाऊजींबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय वहिनी कळणार नाहीत.

मधुकर हे वसंतरावांचे धाकटे भाऊ. गोरे, उंच, आवाज खणखणीत. वहिनींचं सगळं काम आधी असे आणि नाव नसे. भाऊजींचं नाव आधी असे. कोणताही धंदा सुरू करण्यापूर्वी ते व्हिजिटिंग कार्ड छापत. आधी डिश अँटेना, मग बाटलीतलं पाणी, मग कुरिअर. प्रत्येक कार्डावर त्यांच्या नावाखाली 'डायरेक्टर' असे आणि कोपऱ्यात एक छोटा पृथ्वीचा गोल. "भाऊजी, हा गोल कशाला?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ताई, आज जबलपूर आहे, उद्या काय होईल सांगता येतं का?" त्यांचे धंदे चालले नाहीत असं नाही. थोडे थोडे चालले. पण भाऊजी पुढच्या धंद्याबद्दल इतकं छान बोलत की चालू धंद्याकडे बघायला कोणाला वेळच राहत नसे. सगळ्या घराला त्यांचं कौतुक. वहिनींच्या सासूबाई म्हणत, "माझ्या मधूची छाती मोठी आहे." वहिनींच्या पाच मशिनी तेव्हा त्याच सासूबाईंच्या खोलीत होत्या आणि सासूबाई त्यांतल्या एकीवर जपमाळ ठेवत.

महाराजपुरात आल्यावर परवानगीचा प्रश्न उरला नाही. पण वहिनींची जीभ तशीच राहिली. गोहलपुरात त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सलीम मास्टर नावाचे कटिंगचे कारागीर ठेवले. आठ-दहा बायका यायला लागल्या. लग्नाच्या बागांमध्ये, म्हणजे मॅरेज गार्डनमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना पांढरी कव्हरं घालायची पद्धत तेव्हा नवी निघाली होती, आणि वहिनींनी ती सगळ्यांच्या आधी पकडली. तरी कोणी विचारलं तर, "असंच चाललंय हो, बायकांना चार घास मिळतात."

खुर्च्यांचं पहिलं मोठं काम आधारतालजवळच्या एका बागेचं होतं. वहिनींच्या प्रत्येक कव्हराला खिसा असे. स्कूटरच्या कव्हरात कागदांसाठी, कूलरच्या कव्हरात प्लगसाठी. त्यांचं म्हणणं असं की वस्तूसोबत काहीतरी असतंच, ते ठेवायला जागा हवी. त्या न्यायाने त्यांनी खुर्च्यांच्या पाठीलाही खिसे शिवले. शेकडो खुर्च्या, शेकडो खिसे. लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी बागेचा मालक सगळी कव्हरं टेम्पोत घालून गोहलपुरात हजर. प्रत्येक खिशात काहीतरी होतं. कागदी वाट्या, चमचे, बडीशेप, आणि फार करून अर्धे खाल्लेले गुलाबजाम. "बहनजी, ये आपने कुर्सी बनाई है कि कूड़ेदान?" असं तो म्हणाला. वहिनींनी सगळी कव्हरं धुऊन दिली, खिसे उसवले आणि त्या जागी मागे सॅटिनची गाठ बांधली. ती गाठ लोकांना इतकी आवडली की पुढच्या सीझनला जबलपुरातल्या प्रत्येक खुर्चीच्या कंबरेला गाठ होती. मला मात्र त्या पुष्कळ दिवस सांगत राहिल्या, "ताई, चूक माझी नव्हती. प्लेट ठेवायला टेबलं कमी होती."

गाठीचा परिणाम असा झाला की काम खोल्यांत मावेना. खुर्चीच्या कव्हराचं कापड थराथरांनी पसरून एकदम कापावं लागतं, त्याला लांब टेबल लागतं. वहिनी गच्चीवर ताडपत्री टाकून कापत होत्या. पावसाळा लागला आणि तेही बंद झालं. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीपासून लग्नं सुरू होणार, चार बागांनी काम सांगून ठेवलेलं, आणि त्यांतल्या दोघांनी साफ सांगितलं होतं की इथे जमत नसेल तर आम्ही इंदूरहून मागवतो. एकदा इंदूरकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे वहिनींना माहीत होतं.

वहिनींच्या खोल्यांच्याच गल्लीच्या टोकाला हाजी साहेब म्हणून एक मालक होते, त्यांचा हॉल रिकामा झाला. पूर्वी तिथे विड्यांचं गोदाम होतं. उंच छत, उत्तरेकडून उजेड, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग मोकळी जमीन. वहिनी मला तो बाहेरून दाखवायला घेऊन गेल्या. खिडकीच्या गजांना धरून आत बघत उभ्या राहिल्या. फ्रीजकडे बघितलं होतं तसंच, पण वितीने मोजायला जमेना म्हणून नुसत्या डोळ्यांनी.

हाजी साहेबांना हॉल कुणाला तरी नीट चालवणाऱ्याला द्यायचा होता. वहिनींनी निरोप पाठवला. आणि त्याच आठवड्यात मधुकर भाऊजींनीही पाठवला. त्यांना रेडिमेड लेडीज सूटचा कारखाना काढायचा होता. मागणारे दोघे एकाच घरातले हे बघून हाजी साहेबांनी दोघांना एकदमच बोलावलं, घरात भांडण नको म्हणून. वहिनींनी मला सोबत नेलं. करार इंग्रजीत असला तर वाचायला कोणीतरी हवं, हे कारण. वसंतराव म्हणाले, "मी येऊ का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला? असंच तर विचारायचं आहे."

हाजी साहेब फार सभ्य माणूस. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, समोर चहा आणि खोव्याची जिलबी. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "अच्छा, ये बताइए, काम को कहाँ तक ले जाने का इरादा है?"

भाऊजी पुढे सरकले. "पहले जबलपुर, फिर पूरा एमपी। तीन साल में छत्तीसगढ़। हाजी साहब, आपका हॉल हमारा हेड ऑफिस रहेगा।" आणि कार्ड दिलं. गोल होताच.

"और बहनजी, आप?"

वहिनींनी पदर सावरला. "हमारा क्या है, हाजी साहब। बस ऐसे ही चल रहा है। औरतों को चार पैसे मिल जाते हैं। थोड़ी जगह मिल जाती तो..."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हाजी साहेबांनी मान हलवली आणि अतिशय आदराने म्हणाले, "नेक काम है। पर इसके लिए इतना बड़ा हॉल लेकर आप क्यों परेशान होंगी? वो दो कमरे काफी हैं।" हॉल भाऊजींना मिळाला. किल्ली महिना संपल्यावर. बाहेर आल्यावर भाऊजी मोठ्या मनाने म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. तुमच्या मशिनी एका कोपऱ्यात लावून घेऊ. सुपरवायझर तुम्हीच." हे ते खरोखर प्रेमाने म्हणाले. भाऊजींमध्ये कपट नावाची गोष्ट नव्हती.

ऑटोतून वहिनी माझ्याबरोबरच उतरल्या. घरी न जाता माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी चहा टाकला.

"हाजी साहेबांनी असं करायला नको होतं," मी म्हटलं.

"काहून? त्यांनी विचारलं, मी सांगितलं. माझ्यासारखीला मीपण दिला नसता." मग म्हणाल्या, "ताई, मी खोटं बोलले."

"खोटं काय त्यात? बायकांना काम मिळतंच ना."

"मिळतं. पण मी त्यासाठी नाही करत." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. रोज झोपताना त्या मनात हॉल मांडत होत्या. टेबल कुठे, मशिनींच्या रांगा कशा, दारातून टेम्पो कसा आत येणार. खुर्च्या झाल्यावर ट्रॅक्टरची कव्हरं. मग दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रांची. कटनी, मंडला, नरसिंहपूर, सगळीकडच्या बागा त्यांना पाठ होत्या. "मला कळून नाही राहिलं, हे सगळं आहे आत, अन् तोंडातून 'असंच' कसं निघतं."

मी म्हटलं, क्वार्टरमध्ये लपवायची सवय लागली. त्या म्हणाल्या, "क्वार्टरच्या आधीपासूनची आहे ती." आणि चहा न पिता उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच हाजी साहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या. येऊन मला म्हणाल्या, "हाजी साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, 'ये बात कल क्यों नहीं कही, बहनजी?' मी म्हटलं, 'आदत नहीं थी।'" पण हाजी साहेबांनी भाऊजींना शब्द दिला होता. तो ते मोडणार नव्हते. भाऊजींनी आपण होऊन सोडला तर किल्ली वहिनींची. म्हणजे आता घरात बोलायचं होतं, आणि घरात बोलणं वहिनींना हाजी साहेबांशी बोलण्यापेक्षा अवघड.

मध्ये महालक्ष्म्या आल्या. मुळ्यांकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे सगळी कॉलनी. पुरण, आंबील, सोळा भाज्या, कढी. पहिली पंगत पुरुषांची बसली. मी दारात कोशिंबिरीचं पातेलं घेऊन उभी होते. पानं वाढून होत आली होती, आणि मधुकर भाऊजी शेजारच्या पानावरच्या पाहुण्यांना हॉलचं सांगत होते. मोठा कारखाना, हेड ऑफिस, पूरा एमपी. वहिनी भातावर कढी वाढत त्यांच्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पातेलं खाली ठेवलं.

"भाऊजी, तो हॉल मला पाहिजे."

भाऊजींनी वर बघितलं. "काय म्हणता?"

"हाजी साहेबांचा हॉल. तुम्ही सोडून द्या. मला पाहिजे."

आतून सासूबाई म्हणाल्या, "कुंदा, आधी वाढून घे. पंगत खोळंबून राहिली आहे."

"वाढते आई. एवढं बोलून झालं की वाढते."

भाऊजी हसले. "वहिनी, थट्टा करून राहिल्या का? त्या दिवशी तुम्हीच म्हटलं न, ऐसे ही चल रहा है."

"ते खोटं होतं."

"अन् इतकी वर्षं म्हणत आल्या ते?"

"तेपण."

पंगतीतली बोटं भातावर थांबली होती. वहिनींचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज सरळ होता. "मला इथून नरसिंहपूरपर्यंत जेवढ्या बागा आहेत तेवढ्यांच्या खुर्च्या पाहिजेत. मग दुसरी कामं. मला मोठं करायचं आहे, भाऊजी. बायकांना काम मिळावं म्हणून नाही. मिळेल त्यांना, चांगलंच आहे. पण मला करायचं आहे म्हणून."

वसंतराव पंगतीच्या टोकाला बसले होते. ते उठले. मला वाटलं, आता ते बायकोला आत पाठवतात की भावाला समजावतात. त्यांनी सोवळं नीट खोचलं, वहिनींच्या पायाजवळचं कढीचं पातेलं उचललं आणि म्हणाले, "बोल तू. मी वाढून राहिलो."

आणि ते खरंच वाढू लागले. जन्मात कधी वाढलेलं नव्हतं. कढी भातावर पडली, पुरणावर पडली, एका पाहुण्याच्या मनगटावर पडली. त्या पाहुण्याने 'पुरे, पुरे' म्हटलं तरी थांबले नाहीत. पंगतीत आधी एक जण हसला, मग सगळे. सासूबाई दारात येऊन बघत होत्या. त्या म्हणाल्या, "वसंता, पळी सरळ धर." एवढंच म्हणाल्या.

भाऊजी मात्र हसत नव्हते. ते पानाकडे बघत होते. त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि ते लपवणं त्यांना जमत नसे. मग म्हणाले, "पण माझी नवी कार्डं छापून झाली, वहिनी. पत्त्यासकट."

"पत्ता तोच राहील," वहिनी म्हणाल्या. "कार्डं चालतील."

"म्हणजे?"

"ऑर्डरी तुम्ही आणा. तुम्हाला मागायला लाज नाही वाटत. मला वाटते. आजच्याएवढं रोज नाही होणार माझ्याकडून."

भाऊजींनी विचार केला. "बोर्डावर नाव?"

"माझं."

"डायरेक्टर कोण?"

"कार्डावर तुम्ही राहा," वहिनी म्हणाल्या, आणि वसंतरावांच्या हातून पातेलं घेऊन पुढच्या पानावर गेल्या.

किल्ली मिळाली. पाटी रंगवणारा आला त्या दिवशी मी तिथे होते. 'कुंदा मुळे, सब तरह के कवर' असं त्याने निळ्या रंगात लिहिलं. वहिनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "भैया, नाम थोड़ा बड़ा नहीं हो गया?" तो ब्रश बुडवत म्हणाला, "छोटा कर दूँ?" वहिनींनी पाटीकडे पुन्हा पाहिलं. "नहीं, रहने दो।"

भाऊजींनी ऑर्डरी आणल्या, आणि कशा आणल्या म्हणून सांगू. ते बागेच्या मालकासमोर बसून छत्तीसगढपर्यंतचं चित्र उभं करत आणि निघताना दोनशे खुर्च्यांचं काम खिशात घालून येत. आधी धंद्यात माल नसे म्हणून त्यांचं बोलणं पोकळ वाटायचं. आता मागे माल होता, तर तेच बोलणं कामाला आलं. त्यांच्याबद्दल मी वर जरा थट्टेने लिहिलं, पण एक गोष्ट त्यांना उपजत येत होती. आपल्याला अमुक पाहिजे, हे चारचौघांत म्हणताना त्यांना कधी अंग चोरावं लागलं नाही. अंग चोरायला त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

इथे तन्वीने निष्कर्ष काढायची घाई करू नये, म्हणून सायराचं सांगते. हॉल लागल्यावर वहिनींनी सायराला सगळ्या शिलाईची प्रमुख करायचं ठरवलं. सायराने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "दीदी, मुझे चार बजे घर जाना है। मुझे नहीं बढ़ना। मेरी एक मशीन ठीक है।" मला वाटलं, वहिनींना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "तिला विचारलं, तिने खरं सांगितलं. मला विचारलं तर मी खोटं सांगत होते. दोघींची उत्तरं वरून सारखी दिसतात, ताई. आत सारखी नाहीत." सायराचं मशीन खिडकीजवळ, चांगल्या उजेडात लावलं, आणि ती चारला घरी जात राहिली.

तुमच्या प्रोफेसरांनी किती बायकांना विचारलं असेल मला माहीत नाही. पण मला वाटतं, त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं तेव्हा कुंदा वहिनींनी 'असंच' म्हटलं असतं आणि त्यांनी ते लिहून घेतलं असतं. माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्यांदा विचारावं, आणि त्या वेळी शेजारी भाऊजी नसावेत.

वसंतराव गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यानंतर वहिनी थोड्या थकल्या, काठी आली. पण हॉलमध्ये जाणं सोडलं नाही. हळूहळू प्रीती, म्हणजे त्यांची सून, सगळं बघू लागली. ती रायपूरची, मराठी तिला समजते, बोलते हिंदी. सासूसुना दिवसभर दोन भाषांत वाद घालत आणि कामं एका भाषेत होत.

मी त्यांना लग्नाच्या बागेत शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, कॉलनीतल्या एका मुलीच्या लग्नात. वरात दारात आली होती, सगळे तिकडे धावले होते. बँड वाजत होता. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये वहिनी एकट्या, काठी बगलेत धरून, वाकून एका खुर्चीच्या कव्हराची कड उलटी करून शिलाई बघत होत्या. मी जवळ गेले. त्यांनी कड माझ्यासमोर धरली.

"आपलं नाही हे. इंदूरचं आहे." चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. "शिलाई बरी आहे. कोपरा मात्र ओढून घेतला आहे." कड नीट खाली सोडली, हाताने सरळ केली. मग बागेवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि म्हणाल्या, "पुढच्या सीझनला ही बाग आपण घेऊ, ताई. मला पाहिजे ही." आणि मला हाताला धरून नवरदेव बघायला घेऊन गेल्या.

संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत, दोन दिवसांच्या तापाने, त्या गेल्या. भाऊजी सगळ्यांच्या आधी रडले आणि सगळ्यांच्या नंतर थांबले.

हॉल चालू आहे. पाटी तीच आहे, एकदा रंग दिला आहे. सलीम मास्टरांचा मुलगा आता कापतो, सायरा चारला घरी जाते, मधुकर भाऊजी या वयातही ऑर्डरी आणतात. ती बाग या सीझनला प्रीतीने घेतली.

तुमची आजी